थेंबही वाया न घालविण्याचा ठराव

शके १९४७च्या वैशाखात, हिंगणघाट तालुक्यात वडनेरच्या पुढे असलेल्या एका गावी, ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली मीठमुक्ती यंत्राची तपासणी झाली. कोणतीही वस्तू एका ठिकाणाहून काढली की ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी लागते, हा सृष्टीचा नियम आहे. ती कोठे ठेवली हे विचारू नये, हा प्रशासनाचा.

यंत्र निर्दोष होते, हे सुरुवातीलाच नमूद केले पाहिजे. कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून केलेल्या कोळशाच्या काळ्या पाट्या, पाट्यांत वीज आणि त्यांच्यामधून वाहणारे विहिरीचे खारे पाणी. मीठ पाट्यांना चिकटे, गोडे पाणी नळाला येई. पाट्या मिठाने भरल्या की वीज उलटी फिरवायची. मग त्या सगळे मीठ थोड्याशा पाण्यात सोडून देत. हे धोवण गावापासून दूर नेऊन टाकावे, असे यंत्र बसविणारा अभियंता प्रफुल बजावून गेला होता.

परंतु गाव जलसंधारणाचे पुरस्कारविजेते. येथे आंघोळीचे पाणी शोषखड्ड्यात जिरल्याची खात्री केल्याशिवाय माणूस अंग पुसत नसे (पाहुणे अपवाद). तेव्हा यंत्राचाही थेंब वाया जाऊ नये, असा ठराव पाणी समितीचे अध्यक्ष नानाजी यांनी मांडला आणि धोवणाचा पाइप विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात सोडण्यात आला. ठराव एकमताने संमत झाला. विहिरीचे मत घेण्याची तरतूद नव्हती.

परिणाम डोळे दिपविणारे होते. विहीर महिन्यागणिक अधिक खारट होत गेली, त्यामुळे काढण्याजोगे मीठही वाढले, आणि यंत्राची कामगिरी उद्दिष्टाच्या दीडशे टक्क्यांवर पोहोचली. (नळाचे पाणीही खारट लागू लागले होते, पण मोजायचे होते ते निघालेले मीठ, राहिलेले नव्हे.)

शाळेची खिचडी रांधणाऱ्या वच्छलाबाईंना टक्क्यांपेक्षा टँकरची काळजी होती. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्यांची चूल गोड्या पाण्याच्या टँकरवर चाले, आणि यंत्र उत्तीर्ण झाले की टँकर बंद होणार होता. म्हणून लाभार्थींत नाव पुकारले जाताच त्या पदर खोचून उठल्या. नानाजी नात्याने धाकटे दीर. पुरस्कारवाल्या गावाची शोभा करू नका, असे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते.

तपासणीला आलेल्या साहेबांचा प्रश्न एकच होता: यंत्र मीठ काढते का?

"काढते ना, साहेब. पर मंग थे..."

उत्तर पूर्ण झाले होते, म्हणून साहेबांनी त्यांना आदराने बसविले.

यंत्र उत्तीर्ण ठरले. टँकर त्याच आठवड्यात शहरातील एका वसाहतीकडे वळविण्यात आला, जेथे असले काही वाचून हसण्याइतकी फुरसत आणि गाडी धुण्याइतके गोडे पाणी, दोन्ही आहे.

घराकडे जाताना नानाजींनी विचारले, "काऊन तोंड पाडून चालून राह्यल्या, वयनी? मशीन तं पास झाली."

"मशीनचा दोष नाई, भाऊजी," वच्छलाबाई म्हणाल्या. "थे बिचारी मीठ काढते. आपुनच त्याले जाऊ देत नाई."