बबननानांच्या किडनीचं गेट

आधीच सांगते, माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बबननानांविषयी तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून लिहिते.

आमच्या शेजारचे बबननाना सदऱ्याच्या खिशात मुतखडा घेऊन फिरतात. स्वतःचा. कुंकवाच्या रिकाम्या डबीत, कापसावर ठेवलेला. लग्नात पंगतीला बसले की शेजारच्याला म्हणतात, “पाव्हनं, हात पुढं करा.” पाहुण्याला वाटतं प्रसाद आहे. एक जण तर तोंडात टाकायच्या बेतात होता.

नानांची सगळी नोकरी नागापूरला एका कारखान्याच्या गेटवर गेली. वॉचमन होते. खडा झाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून समजावलं. किडनीत अगदी बारीक दारं असतात. लघवीबरोबर निघालेलं कॅल्शियम त्या दारांतून परत शरीरात घेतलं जातं. दारं नीट उघडली नाहीत, तर ते लघवीतच राहतं आणि त्याचा खडा धरतो.

नाना लालबुंद झाले. “जल्मभर गेटावरून एक खिळा भाईर जाऊ दिला न्हाई म्या. आन् माझ्याच पोटातून माल चाललाय भाईर! गेटवाला झोपा काढतोय व्हय? बदला त्याला!”

“तो बदलता येत नाही, बाबा. मीठ कमी करा आणि भरपूर पाणी प्या.”

तेव्हापासून नाना गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. एका बाजूला माठ, दुसऱ्या बाजूला रंगाच्या डबड्यांत लावलेली पानफुटी. तिच्या पानाने खडा विरघळतो म्हणे. “पानी पिलं का?” असं विचारून ते माणूस अडवतात आणि तांब्या रिकामा झाल्याशिवाय सोडत नाहीत. सिलिंडरवाला हल्ली मागच्या बोळाने येतो. लग्नात लोकांच्या ताटातले पापड नाना उचलून घेतात. “खारट खाल्लं की माल जास्ती सुटतो,” म्हणतात आणि पापड स्वतः खातात.

माझ्या सासूबाईंनी कॅल्शियमच्या भीतीने घरातलं दूध बंद केलं, तर नाना दारात येऊन भांडले. “दूध कशापायी सोडता, वहिनी? पालकातला एक चोर आसतो, ऑक्झलेट का काय, त्याला दुधाचं कॅल्शियम पोटातच धरून ठिवतं. डॉक्टर म्हनला मला.”

“डॉक्टर तुमचा. म्हैस आमची,” सासूबाई म्हणाल्या. पण दूध परत सुरू झालं.

मी एका पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जाते. तिथे बायका पाणी कमीच पितात. बाथरूम लांब आहे आणि दर वेळी सुपरवायझरला सांगून जावं लागतं. माझ्याने ते होत नाही. म्हणून सकाळी नानांची पाठ वळली की त्यांचा तांब्या मी पानफुटीत ओतायचे. पानफुटी अशी फोफावली की नाना सगळ्यांना दाखवायचे, “बघा, पान्याचा गुन!”

एका दुपारी मी गल्लीतच कळ येऊन खाली बसले. कंबरेतून कोणी सुरी फिरवतंय असं वाटत होतं. आमचे हे टेम्पो घेऊन बाहेरगावी गेले होते. नानांनीच रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “पाणी किती पिता?”

“लई पिती!” नाना मधेच म्हणाले. “रोज माझ्यासमूर तांब्याभर पिती. मी जामीन हाय!”

मी मान खाली घातली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. ते हळूच म्हणाले, “भाईर जायची सोय न्हाई, म्हनून का गं पोरी?”

मी होकार दिला.

“आमची मंडळी पन तशीच. रानात आडोसा न्हाई म्हनून दिसभर कोरडी ऱ्हायची. मी गेटवर लोकांचे डबे तपासत हुतो. तिची किडनी गेली, मागनं तीबी गेली, तवा कळलं मला.”

खडा काढायचे पैसे नानांनी भरले. मी पगारातून थोडे थोडे फेडले. महिन्याला द्यायला गेले की नाना चहा टाकायचे आणि कारखान्यातल्या चोऱ्या रंगवून सांगायचे. मी ऐकायचे. शेडमध्ये आता आम्ही चौघी मिळून सुपरवायझरला सांगतो आणि जातो, हे ऐकून ते फार हसले.

परवा शेवटचे पैसे दिले. नानांनी मोजले. परत मोजले.

“एक नोट कमी हाय.”

“नाही नाना, बरोबर आहेत.”

“कमीच हाय. घाई न्हाई, फुडच्या महिन्यात आन.”

मी नोटा घेतल्या आणि त्यांच्यासमोर मोठ्याने मोजल्या. सगळ्या होत्या.

“हायेत व्हय,” नाना म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले. “फिटलं मग.”

पैसे फिटले होते. घरी कणीक भिजवायची राहिली होती. मी पदर सावरला आणि तिथेच बसून राहिले.