विक्रांतचा दुरुस्त पत्ता

कायद्यापुढे सगळी मुलं सारखी असतात. फरक पडतो तो कायद्यापुढे पोचण्याआधी. हा फरक मोजायला उल्हासनगरात विषमता निवारण समिती बसली. वर्षभरात चाळींतली एकोणचाळीस मुलं निरीक्षणगृहात गेली, टॉवरमधलं एकही नाही. त्यावरून टॉवरमध्ये मुलंच होत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. (पुढे लिफ्टमध्ये चार आढळली, तेव्हा तो मागे घेतला.) जात विचारणं समितीला प्रशस्त वाटलं नाही. पत्ता विचारला की भागतं.

विठ्ठलवाडीच्या चाळीतले शंकरराव समितीपुढे आले ते नातवासाठी. त्यांचा विक्रांत आणि अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या टॉवरमध्ये राहणारा धर्मेश, दहावीत एका बाकावर. दोघांनी कुणाची तरी स्कूटर न विचारता घेऊन बेलवलीपर्यंत चक्कर मारली. चालवत धर्मेश होता. त्याला पोलिसांनी सरबत पाजून, समज देऊन घरी सोडलं. विक्रांत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ठरून निरीक्षणगृहात गेला. नुसतं मागे बसून एवढा हुद्दा मिळवणारा तो घराण्यातला पहिलाच. आणि सोमवारी बोर्डाचा पहिला पेपर.

साहेबलोकांशी बोलायचं काम शंकररावांची बायको माया करायची. ती दिवाळीत गेली. म्हणून ते स्वतः आले.

"आजोबा, अन्याय झालाय, मान्य," अध्यक्षा संजीवनी मॅडम म्हणाल्या. "आता तो समान करायचा. धर्मेशलाही आत घेऊ?"

"त्याला कशाला मॅडम? आमच्याला सोडा ना."

"तसा कॉलम नाही."

धर्मेशच्या वडिलांना विचारलं, तर आत घ्यायच्या वेळेला नेमका त्याचा क्लास होता. मग समितीनं मुळालाच हात घातला. दोष पत्त्यात होता, तेव्हा पत्ता दुरुस्त केला. विक्रांतच्या कागदावर धर्मेशचा टॉवर लिहिला. दहा मिनिटांत निरीक्षणगृहातून फोन आला: "मॅडम, चांगल्या घरचा पोरगा निघाला, चुकून आत राहिला. सॉरी हां." विषमता शंभर टक्के मिटली. अहवालाला टाळ्या पडल्या.

फक्त ताबा द्यायचा राहिला. टॉवरचा मुलगा चाळीतल्या म्हाताऱ्याच्या हाती कसा देणार? सोसायटीत राहणाऱ्या एका सभ्य माणसाची सही हवी. कुणाचीही चालेल. कालपासून शंकरराव फॉर्म घेऊन पार बदलापूरपर्यंतच्या सोसायट्या पालथ्या घालतायत. आज रविवार. सकाळी ते तुमच्याही गेटवर होते. वॉचमननं इंटरकॉम केला. तुम्ही नाव विचारलंत. मग आडनाव. मग, घरी कुणी नाही, असं तुम्हीच सांगितलंत.