पांढऱ्या वायरीचा ठराव

निपाणीच्या ‘रत्नत्रय’ अपार्टमेंटमध्ये दर गुरुवारी देखभालीसाठी दहाला वीज जाते. जाण्याच्या बाबतीत ती इतकी वक्तशीर आहे की लोक तिच्यावर घड्याळं लावतात. येण्याचं तेवढं कुणी छातीठोक सांगत नाही. अशाच एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता नेमगोंडा पाटलांच्या मुलीची, त्रिशलाची, ऑनलाइन मुलाखत ठरली. ही चौथी कंपनी. हीही हुकली तर आत्यानं आणलेलं सांगलीचं स्थळ पुढं सरकणार होतं, आणि त्रिशलाला काहीही झालं तरी ते स्थळ नको होतं.

नेमगोंडा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पोरीसाठी त्यांनी इन्व्हर्टर घेतला, चार बॅटऱ्या घेतल्या. घरात जागा नाही म्हणून त्या जिन्याखाली ठेवायच्या. जिना सामाईक, म्हणून असोसिएशनची परवानगी आली. तिच्यात एकच अट होती: ‘सदर जोडणी सर्व रहिवाशांच्या भावनांस अनुकूल असावी.’ मास्तरांना वाटलं, बॅटरीचा आणि भावनांचा काय संबंध? त्यांनी डोळे झाकून सही ठोकली.

सोमवारी वायरमन यल्लाप्पा लाल आणि काळी वायर घेऊन आला.

“चारी बॅटऱ्या आगगाडीच्या डब्यागत जोडायच्या, अण्णा. हिचं धन तिच्या ऋणाला. टोकाला ऱ्हायलेली दोन इन्व्हर्टरला. उलटं लागलं की खेळ खल्लास. आन् नव्या बॅटऱ्या हायत, बुधवारी रातभर चार्जिंगला पायजेत.”

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे हिरेमठ जिन्यावर थबकले. “काळी वायर? एक नोव्हेंबरला आमच्या कन्नड राज्योत्सवाला काळा दिवस पाळता ते पाळता, आता जिन्याखाली बारा महिने पाळणार काय री?”

मास्तरांना भांडण नको होतं. त्यांनी मान हलवली. यल्लाप्पानं काळी काढून पिवळी लावली.

संध्याकाळी सेक्रेटरी चिंतामणी कुलकर्णी वकील खाली उतरले आणि लाल-पिवळी जोडी बघून दोन पावलं मागं सरले. “मास्तर, हा तर सरळ सरळ कन्नड झेंडा लावलाय त्यांचा! आणि तुमच्या हातून?”

मास्तरांनी पुन्हा मान हलवली. या मानेचा त्यांना पुढं फार राग आला.

मंगळवारी ‘वायर रंग निश्चिती उपसमिती’ बसली. भगवी सुचताच हिरेमठ उठले. निळी सुचली तेव्हा एक राजकीय पक्ष आठवला. हिरवी का नको, याचं कारण इतिवृत्तात घ्यायचं नाही असं एकमतानं ठरलं. शेवटी सगळ्या वायरी पांढऱ्या असाव्यात, असा ठराव पास झाला. तो इंग्रजीत लिहिला, कारण इंग्रजीला दोन्ही बाजूंची हरकत नव्हती.

“मग धन-ऋण कळायचं कसं?” मास्तरांनी विचारलं. “निदान चिठ्ठ्या तरी चिकटवा.”

धन आणि ऋण हे शब्द दोन्ही भाषांत तेच निघाले, त्यामुळं सभेत क्षणभर निराशा पसरली. पण लिपी दोन असल्याचं वकिलांच्या लक्षात आलं. मग वर कुठली आणि खाली कुठली, यावर दीड तास वाद रंगला. निर्णय होईपर्यंत काहीच लिहू नये असं ठरलं. तेवढ्यावर कोण थांबतंय! बॅटऱ्यांच्या लाल-काळ्या टोप्या आणि खुणा बुधवारी सकाळी वॉचमनकरवी पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवून झाल्या.

पांढऱ्या वायरी घेऊन आलेल्या यल्लाप्पानं कपाळावर हात मारला. “ऱ्हाऊ द्या. मीटर लावून बघतो.” त्यानं पिशवीतून मीटर काढला. मीटरला दोन पिना होत्या, एक लाल आणि एक काळी. उपसमितीनं मीटर ताब्यात घेतला.

“मीटरबिगर मी हात लावणार न्हाय,” यल्लाप्पा म्हणाला.

“ह्याला कुणीतरी फूस लावलीय,” हिरेमठ म्हणाले. वकिलांनी मान डोलावली. इमारतीच्या इतिहासात त्यांचं पहिल्यांदाच जमलं होतं. दोघांनी बाह्या वर सारल्या, एकानं एक टोक धरलं, दुसऱ्यानं दुसरं, आणि इन्व्हर्टरला लावलं. ‘फट्’ झालं. जिन्यात जळका वास सुटला. दोघंही शाबूत होते. इन्व्हर्टर गेला.

गुरुवारी दहाला वीज गेली. त्रिशलाच्या लॅपटॉपची बॅटरी वर्षापूर्वीच राम म्हणालेली. ती रडत नव्हती, नुसती भिंतीकडं बघत होती, आणि ते मास्तरांना सोसवेना. तेवढ्यात यल्लाप्पाचा फोन आला. “अण्णा, पोरीला घिऊन दुकानात या. हितं ट्रॅक्टरची बॅटरी हाय, जुना इन्व्हर्टर बी हाय.” दुकानातली वायर अर्धी लाल, मधेच निळी, पुढं काळी, सांध्याला टेप. अकरा ते पावणेबारा ती निमूट चालली. सोमवारी त्रिशलाला नेमणुकीचं पत्र आलं. मास्तरांनी यल्लाप्पाला पेढे दिले आणि डोळे पुसले.

मंगळवारी असोसिएशननं चौकशी लावली. इन्व्हर्टर का जळला, हा विषय नव्हता. यल्लाप्पानं नकार का दिला, हा होता. चौकशीच्या तक्त्यात रकाना होता: ‘वायरमन कुणाच्या बाजूचा?’ रहिवाशांच्या बाजू वकील आणि हिरेमठ आपापल्या वहीत आधीपासूनच लिहून ठेवत.

“यल्लाप्पा, घरात काय बोलता?” वकिलांनी विचारलं.

“आई कन्नड बोलती, बायको मराठी. भांडान लागलं की दोघी बी हिंदीत.”

रकाना कोराच राहिला. मास्तर उठले. यावेळी त्यांची मान हलली नाही. “त्येचं ऱ्हाऊ द्या. माझं नाव कुठल्या बाजूला लिवलंय तेवढं दावा.”

वकिलांनी वही मिटली, हिरेमठांनीही मिटली. दोघांच्याही वहीत मास्तर पलीकडच्या बाजूला होते.

अहवाल अजून अपुरा आहे, असोसिएशनला घाई नाही. तुम्ही मात्र, वाचकहो, यल्लाप्पा हे नाव वाचलंत तेव्हाच तो रकाना भरून मोकळे झाला होतात.