वाघमारे मामांचं धुराचं पिंप

आमच्या शेजारचे वाघमारे मामा चहात थर्मामीटर बुडवतात. आधी आकडा बघतात, मग कप तोंडाला लावतात. चहा पासष्ट अंशांच्या वर असला तर ओरडतात. साठच्या खाली असला तर त्याहून जोरात ओरडतात. मधल्या पाच अंशांत मामा शांत असतात आणि घनसावंगीतल्या आमच्या गल्लीला तेवढाच विसावा मिळतो.

मामा साखर कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. उकळत्या रसाचं तापमान दाखवणाऱ्या काट्यांशी तीस वर्षं भांडले. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आमच्या शेजारी राहायला आले. काटे तिकडेच राहिले, राग तेवढा इकडे आला. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. मी एकदा सहज म्हणालो, “एसटी अंदाजे दहाला येईल.” तर कडाडले, “अंदाजे काय? शाळेत पोरायला बी अंदाजेच शिकवता का सर?”

राग मलाही कमी येत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात त्यांनी दोघांच्या सामाईक भिंतीला लागून लोखंडी पिंप मांडलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. तळाशी कोळसे, त्यावर बाभळीचे तुकडे, मधे जाळी, जाळीवर मटण आणि वर झाकण. मंद धुरावर पाच तास शिजवायचं. पिंपाच्या बुडाशी भोक पाडून मामांनी जुन्या कंप्युटरचा पंखा बसवला होता. झाकणातून एक तार आत गेली होती, ती तापमान मोजायची. दोन्हींच्या मधे घरी बनवलेली डबी, तिच्यावर लाल आकडे. उष्णता कमी झाली की डबीनं पंखा सुरू करायचा, पुरेशी झाली की बंद करायचा. एकशेदहा अंश, बिलकुल कमीजास्त नाही.

डबी ऐकेल तर ना! पंखा बंद व्हायचा, पण फुललेले कोळसे थोडेच थांबतात? आकडा चढत चढत दीडशेच्या पुढं जायचा. मामा डबीसमोर उकिडवे बसून ओरडायचे, “नालायक! एकशेदहा म्हन्लं व्हतं ना तुला? बहिरी हाय का?” मटणाचा कोळसा व्हायचा आणि सगळा धूर माझ्या दोरीवरच्या कपड्यांत. एक दिवस वर्गात पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, “सर, आज तुमच्याकडं मटण हाय का?”

मी जन्मात मटण खाल्लेलं नाही.

तसाच तणतणत मामांच्या दारात गेलो. “मामा, हे काय लावलंय तुम्ही?”

“दिसून न्हाई राह्यलं का? काम करून राह्यलो.”

“माझे कपडे, माझं घर, सगळं धुरानं...”

“मंग धुरावर ओरडा! माझ्यावर काऊन ओरडता?”

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत मामी दिसल्या. मामांनी मला सोडलं आणि त्यांच्यावर तोफ वळवली. “तू खिडकी काऊन उघडली? लाव आधी! आत हो!” इतक्या जोरात की मलाच लाज वाटली. बायकोशी असं बोलतात का कोणी? त्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं, या माणसाशी आता संबंध नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा भांडायला गेलो, तर मामा डबीचा कसलासा सुटा भाग आणायला जालन्याला गेल्ते. दार मामींनी उघडलं. दोन वाक्यं बोलून त्या खोकायला लागल्या आणि बराच वेळ खोकत राहिल्या. मग म्हणाल्या, “क्वार्टरमधी असंच पिंप व्हतं सर. दर रविवारी कारखान्यातले लोक जेवायला यायचे. हे त्यायच्यात बसायचे, मी पिंपापाशी. जाळ बघावा लागतो ना, हलता येत न्हाई. आता डॉक्टर म्हन्ले, छाती धुरानं गेली. पुन्हा धुरात बसायचं न्हाई.”

“मग बंदच करा ना मामी हे.”

“मी बी तेच म्हन्ले. तर माझ्यावरच ओरडले. म्हन्ले, तुझ्या हाताची चव काऊन बंद करायची? तुझं तिथं बसणं बंद करतो.”

भांडायला आणलेले सगळे शब्द मी तसेच परत नेले.

शेवटी तोडगा सांगितला तोही मामींनीच, बंद खिडकीच्या आतून. “आकडा गाठायच्या आधीच वारा कमी करा की! भाकरी करपायची वाट बघत्यात का जाळ वढायला?” मामा भयंकर चिडले. कारखान्यातल्या तीस वर्षांचा अपमान झाला म्हणाले. पण चिडत चिडतच त्यांनी डबीला नवी शिकवण दिली: शंभरच्या पुढं गेलं की पंखा हळू. मी भिंतीवरून बघत होतो. एकशेआठ. एकशेनऊ. एकशेदहा. आकडा तिथंच थांबला. मामा पहिल्यांदाच डबीवर ओरडले नाहीत.

त्या रविवारी मामांचे कारखान्यातले चार जुने सोबती आले. भिंतीवरून मलाही हुकूम आला, “सर, तुम्ही वरणभात खा, पण या!” पिंप अंगणाच्या टोकाला, भिंतीपाशी एकटंच धुमसत होतं. मामांनी मामींना ओसरीवर पाहुण्यांच्या मधोमध खुर्चीत बसवलं होतं. हातांचं काय करावं ते मामींना कळेना. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

एक पाहुणे म्हणाले, “वहिनी, इतकी वर्षं तुमच्या हातचं खाल्लं, पण तुमच्याशी बोलणं आजच. कुठं शिकलात हे?”

मामी आधी लाजल्या. मग हळूहळू सांगायला लागल्या. गोदाकाठचं माहेर, मोठ्या खटल्याचं घर, मासे धुरावर टांगणारा बाप. एकदा पुराचं पाणी चुलीपर्यंत आल्तं, तेव्हा बापानं लेकीच्या आधी माशांची टोपली माळ्यावर टाकली होती. सगळे खो खो हसले.

एकटे मामा हसले नाहीत. म्हणाले, “हे तू मला कधीच सांगितलं न्हाई.”

“तुम्ही कधी विचारलं?” मामी म्हणाल्या.

आता स्फोट होणार म्हणून मी ताट सावरलं. मामा उठले. आपली खुर्ची उचलून त्यांनी मामींच्या खुर्चीला लावली, खाली बसले आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, “आता विचारतो. सांग.”