घरबेतच्या रुक्माक्का

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या घराची वरची खोली बघायला गेले, तेव्हा मालकीणबाईंनी माझं नाव विचारलंच नाही. चष्म्यावरून मला खांद्यापासून कमरेपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तू सुशीला."

मी म्हटलं, मी रेवती.

"असशील. बाह्या मात्र कमळच्या आहेत," म्हणाल्या आणि किल्ली हातात दिली.

मी पत्रकं वाटणारी मुलगी. फुटपाथ, पाणी, कचरा, कशावरही अर्ध्या पानात संतापून दाखवते. घरमालक या जमातीबद्दलचं माझं मत तर छापून झालंय. त्यामुळे एका मालकीणबाईंचे आभार मानताना हात जरा अडखळतो. पण मानायलाच हवेत.

या रुक्माक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आलेलं. त्या रागावतात मराठीत आणि समजूत घालतात कन्नडमध्ये. तरुणपणी त्यांनी 'घरबेत' नावाची कंपनी काढली होती. कपडा कसा बेतायचा याचे कागदी फर्मे पाकिटात घालून विकायचे, घरोघरच्या बायकांनी ते कापडावर ठेवून कापायचं आणि आपलं आपण शिवायचं. आकारांना नंबर नव्हते. मापं गल्लीतल्याच बायकांची घेतलेली, म्हणून नावंही त्यांचीच. कमळ म्हणजे बारीक, सुशीला म्हणजे मध्यम, आणि गंगाबाई म्हणजे काय, ते खुद्द गंगाबाई असेपर्यंत कोणी मोठ्याने बोललं नाही. दुकानात बायका बिनधास्त मागायच्या, एक सुशीला द्या, गळा मोठा.

मग कन्नड पाकिटं निघाली. शिवणीसाठी कडेला जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. मराठी पाकिटावर छापलं होतं, 'चारही बाजूंनी अर्धा इंच माया सोडा.' कन्नड मजकूर लिहिला कीर्तनं करणाऱ्या भाच्याने. सुईशी त्याचा संबंध काटा काढण्यापुरता. त्याने भक्तिभावाने लिहिलं की चारही बाजूंनी अर्धा इंच मोह त्यागावा. बायकांनी बरोबर रेघेवर कापड कापलं, आणि एकीचंही ब्लाउज अंगात जाईना.

"एक म्हातारी आली बघ," रुक्माक्का सांगतात, "म्हणाली, मोह त्यागला गं बाई, पण दंड काही आत जात नाही."

रुक्माक्कांनी एकेकीला बसवून ब्लाउजला पट्टी जोडून दिली. त्या गडबडीत इतक्या ओळखी झाल्या की पुढच्या प्रत्येक पाकिटावर त्यांनी एक ओळ घातली, 'अडलं तर या', आणि खाली दुकानाचा पत्ता. बायका यायच्या. कोणाची बाही उलटी लागलेली, कोणाचा गळा पोटापर्यंत गेलेला. दुपारी दुकानात बसायला जागा नसायची. घरबेत वाढली ती अशी, चुकांवर.

आणि बुडाली ती तयार कपड्यांमुळे. इथे मला संतापू द्या. सगळ्या बायकांना तीन इंग्रजी अक्षरांत कोंबलंय. जो कोणालाच नीट बसत नाही, त्या कपड्याला म्हणे फ्री साइज. खिसा नाही. आत बोटभरही माया नाही, म्हणजे बाई थोडी भरली की उसवून सैल करायची सोय नको, नवा घ्या. हा कट आहे.

"कट कसला?" रुक्माक्का म्हणाल्या. "त्याला कटिंगच नाही."

दुकानं पाकिटं घेईनाशी झाली. शिवणयंत्रांवर टीव्ही बसले. उरलेला माल घराच्या पुढच्या खोलीत आला. मुलगा सुरेश बेळ्ळंदूरला राहतो, माणूस वाईट नाही, पण ती खोली त्याला भाड्याने द्यायची होती. त्याने आईला सांगितलं, युगादीच्या पाडव्यापर्यंत एक जरी बाई फर्मा घ्यायला आली तर खोली तुझी, नाहीतर सगळं रद्दीत.

रुक्माक्का कन्नडमध्ये नुसतं "सरी", म्हणजे "बरं", म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीची साडी नेसून, गळ्यात टेप टाकून, दुपारभर त्या खोलीत बसू लागल्या. दार उघडं ठेवून.

मी अर्थातच पत्रक काढलं. 'तुमचं शरीर मीडियम नाही!' सिग्नलवर उभी राहून वाटलं. लोक आलेही. दोघं खोलीचं भाडं विचारायला, एक मुलगी जुन्या पाकिटांचे फोटो काढायला. रुक्माक्कांनी तिघांनाही कॉफी पाजली.

"पत्रकात कपडेवाल्यांना शिव्या आहेत, सरकारला आहेत," नंतर त्या म्हणाल्या. "'शिवा' कुठे लिहिलंय?" आणि मग टेप गुंडाळत, माझ्याकडे न बघता, "रेडिमेडमध्ये कोणाचं काही अडत नाही गं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जगाला रेडिमेड सोडा म्हणणाऱ्या मी बटणसुद्धा कधी लावलं नव्हतं. मी खिसेवाल्या कुर्त्याचा फर्मा मागितला.

पाकीट देताना त्यांचा चेहरा दुकानदाराचा होता, अगदी कोरा. पाकीट मात्र त्यांनी आधी दोनदा पदराने पुसलं.

युगादीच्या आदल्या दिवशी सुरेश रद्दीवाल्याला घेऊन आला, तेव्हा मी त्याच खोलीत जमिनीवर बसले होते आणि कुर्त्याची गळपट्टी मला घाम फोडत होती. रुक्माक्कांनी मान वर केली नाही.

"गिऱ्हाईक बसलंय. नंतर ये."

सुरेशने माझ्याकडे बघितलं, माझ्या वाकड्या गळ्याकडे बघितलं. रद्दीवाल्याला हळूच परत पाठवलं आणि आत जाऊन कॉफी ठेवली.

संध्याकाळी तो गेला. गळपट्टी बसली, खिसा लागला, कुर्ता झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या मापाची काही वस्तू हातात धरली होती. घडी घालू लागले, तर रुक्माक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब."

त्यांनी कुर्ता उलटा केला, ब्लेड घेतलं आणि बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत सरळ उसवली. सकाळी त्यांनीच तपासून पसंत केलेली शिवण.

"वाकडी गेलीय," म्हणाल्या. "उद्या ये."

शिवण रेघेसारखी सरळ होती, मला दिसत होतं. एरवी पत्रकातल्या एका स्वल्पविरामावरून सरकारी साहेबांच्या टेबलावर हात आपटते मी. सुया गोळा केल्या आणि विचारलं, "जेवून येऊ, की जेवायलाच येऊ?"