काचेपलीकडचं भांडण

घाईताईला फक्त एक जोडपं कमी पडत होतं. कुटुंब-समुपदेशनाच्या शेवटच्या वर्षाला संशोधनाचं प्रशिक्षण असतं. एकमेकांशी जेमतेम बोलणारी जोडपी बोलवायची, त्यांना एखाद्या घरगुती वादावर बोलायला सांगायचं आणि काचेआडून त्यांचा प्रत्येक सुस्कारा नोंदवायचा. ठरलेली जोडपी पूर्ण झाली नाहीत तर वर्ष पुन्हा करायचं. घाईताईचं वर्ष त्या एका जोडप्यावर टांगलं होतं.

शेवटी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आणि त्यांची शिवणकाम करणारी बायको, म्हणजे काकू, तयार झाले. आपल्याला काचेमागून बघणार आहेत, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. दोघं खुर्च्यांवर बसले आणि गप्प झाले. एकदा काकांनी सुस्कारा सोडला.

काचेमागच्या खोलीत घाईताईसोबत तिचा सहाध्यायी होता. नियम तोंडपाठ असल्यामुळे सगळे त्याला नियमबुवा म्हणत. दोघांच्या नोंदी जुळल्या तरच त्या ग्राह्य धरल्या जात, आणि या दोघांचं तर विळ्या-भोपळ्याचं सख्य!

"सुस्कारा म्हणजे दुर्लक्ष," नियमबुवा म्हणाला.

"काहीतरीच! दमलेत ते. थकवा लिही."

"नियमात बघ."

"अंधारात काय बघू, कप्पाळ?" असं म्हणून घाईताईने दिवा लावला. नियम मिळाला, वाद पेटला आणि दिवा तसाच राहिला. मागची खोली अंधारी असेल तरच ती काच आरशासारखी दिसते. दिवा लागला की आरपार सगळं दिसतं. हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, पण भांडणाच्या भरात शिकवलेलं कुणाला आठवतं?

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून काकूंचा आवाज आला. "अहो, काय तावातावाने बोलतोय तो तिला!"

"ती काय कमी आहे? पेन्सिल बघ कशी उगारलीय," काका म्हणाले.

"बोलायला लागले!" घाईताई हरखली. "लिही, नातेवाइकांविषयी चर्चा."

"शेजाऱ्यांविषयी," नियमबुवा म्हणाला, आणि पुन्हा जुंपली.

"अगं, आपणही असेच भांडायचो," काका म्हणाले.

"निदान भांडायचो तरी. आता तुम्ही घड्याळात डोकं घालता, मी मशीनमध्ये."

"खरंय. चुकलंच माझं."

घाईताईचे डोळे भरून आले. डोळे पुसत तिने काचेकडे पाहिलं, तर काकू तिच्याकडेच बघून हसत होत्या आणि काका हात हलवत होते.

दिवा लागलेला होता म्हणून मार्गदर्शक मॅडमनी ती नोंद बाद केली, पण काका-काकूंना पुन्हा बोलावण्याची परवानगी दिली. आठवड्याने दोघं आले, ते जिन्यापासूनच बोलत. सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं पाहून मॅडमनी मान हलवली. "छान बोलतात की गं हे! आपल्या अभ्यासात बसत नाहीत."

घाईताई मटकन खाली बसली.

"आमच्यामुळे पोरीचं वर्ष जाणार का हो?" काकू कळवळल्या.

"जाऊ दे, काकू," घाईताई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही. "पुस्तकात वाचलं होतं की माणसं पुन्हा बोलू शकतात. मला ते खरं वाटत नव्हतं. तुम्ही ते डोळ्यांसमोर दाखवलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"उपकार कसले, बाळ? उलट तुम्ही दोघं भांडलात म्हणून आमचं घर बोलतं झालं." काकूंनी काकांकडे पाहिलं. "काय हो, सांगू का?"

"सांग की. बाहेर ताटकळलेत ते."

"माझे दीर आणि जाऊबाई आलेत. दोन वर्षं त्यांचे एकमेकांना सगळे निरोप माझ्यामार्फत चालतात. म्हटलं, आम्हाला गुण आला, त्यांनाही येऊ दे."

घाईताईने दार उघडलं. बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला दीर बसले होते, दुसऱ्या टोकाला जाऊबाई. मध्ये पिशवी होती आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना होती. इतकं सुंदर दृश्य घाईताईने आयुष्यात पाहिलं नव्हतं.