मोठीआईंच्या मुठीतला हिरा

"हिरा ओळखायला कागद कशाला लागतो? डोळे लागतात," असं मोठीआईंनी सकाळीच सगळ्या घराला ऐकवून ठेवलं होतं.

डोळ्यांच्या जोडीला त्यांच्याकडे भिंगही होतं. त्यांचे यजमान घड्याळजी. ते गेले, दुकान गेलं, पण त्यांचं डोळ्यात बसवायचं काळं भिंग मोठीआईंनी चष्म्याच्या डबीत कापसावर जपून ठेवलं होतं. शाळेत त्यांची जेमतेम अक्षरओळख आणि आकडे झाले होते. पण ते भिंग भुवईखाली अडकवून त्या तांदूळ निवडायला बसल्या, की तांदळातल्या खड्यालाच काय, सुनेलाही घाम फुटायचा.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं. अंगठी मुलाकडचे घेणार होते, खडा मात्र मोठीआई निवडणार होत्या. हे कुणी ठरवलं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

निघताना धाकटी म्हणाली, "आई, तिथे जरा गप्प बसशील? हेडबाईंना कमी बोलणारी माणसं आवडतात."

"मी जास्त बोलते?"

"आई."

"बरं."

"आणि हे लग्न मोडलं ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

धाकटी रोज काहीबाही बोलायची, पण हे तसलं नव्हतं. मोठीआईंना ते कळलं. त्यांनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि पर्सचा चाप आवाज न करता लावला.

हेडबाई म्हणजे मुलाची आई. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण शाळा अजून अंगातून गेली नव्हती. त्या मुलाला घेऊन जवाहिऱ्याच्या दुकानात शिरल्या तेव्हा रखवालदारानं नकळत सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

जवाहिऱ्या मऊ आवाजाचा होता. त्यानं काळ्या मखमलीच्या तबकात सुटे हिरे मांडले आणि शेजारी कागदांची फाईल ठेवली. "आई, आधी सर्टिफिकेट बघून घ्या. प्रत्येक हिऱ्याचं वजन, रंग, घडण, आत कुठे डाग आहे का, सगळं लिहिलंय."

"डाग? विकायला बसलात आणि वर डाग लिहून देता?"

"दोष लिहून देतो तोच कागद खरा, आई."

मोठीआईंनी होणाऱ्या जावयाकडे एक नजर टाकली. लग्न ठरवताना त्याच्या आईनं त्याचा एकही दोष सांगितला नव्हता. पण गप्प बसायचं कबूल केलं होतं, म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "ठेवा तो कागद बाजूला."

त्यांनी भिंग डोळ्यात बसवलं. सगळ्यात तेजाळ खडा चिमट्यात धरून वर उचलला. समोरून आग, मागून आग. मग त्यांनी तो कडेनं फिरवला आणि चिमटा हातातच थिजला.

कडेवर काहीतरी कोरलेलं होतं. केसाहून बारीक, पण ओळीनं नीट आकडे.

मोठीआईंच्या घरात कोरल्याशिवाय चमचासुद्धा वापरायला निघत नसे. पातेली, डबे, झाकणं, सगळ्यांच्या बुडाला घरचं नाव. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी नेलेला मोठा डबा नुसत्या नावामुळे परत आला होता. ज्याचं कोरलेलं, त्याची वस्तू. यापलीकडे जगात कायदा आहे असं त्या मानत नव्हत्या. आणि इथे कोऱ्या करकरीत म्हणून दाखवलेल्या हिऱ्यावर दुसऱ्याच कुणाचे आकडे!

त्यांनी दुसरा उचलला. त्यावर आकडे. तिसऱ्यावरही आकडे.

हे दुकान नव्हतंच. अख्खं तबक चोरीचं होतं, आणि यातलंच काहीतरी धाकटीच्या बोटात जाणार होतं. उद्या मांडवात खरा मालक येऊन उभा राहिला तर?

जवाहिऱ्या खणातून आणखी काही काढायला वाकला. मोठीआईंनी पहिला खडा मुठीत घेतला, उठल्या आणि हेडबाईंना हाताला धरून आरशाजवळच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या.

"विहीणबाई, चेहरा हसरा ठेवा. सगळा माल चोरीचा आहे."

"काय?"

"हसरा म्हटलं ना! प्रत्येक खड्यावर दुसऱ्याची खूण कोरलीय. या डोळ्यांनी पाहिलं."

"कुणाचं नाव आहे?"

"आकडे आहेत. फोन नंबर असेल मालकाचा."

हेडबाईंचा जन्म कॉपी पकडण्यात गेला होता. त्या ताठ झाल्या, वळल्या आणि भर दुकानात त्यांचा आवाज घुमला, "कोणीही जागेवरून हलायचं नाही. दार लावा."

जवाहिऱ्यानं नेमके तेव्हाच तबकातले खडे मोजले होते. एक कमी भरला होता. तो कसनुसा होऊन म्हणाला, "अगदी बरोबर, मॅडम. दार लावाच."

"पोलिसांना बोलवा," हेडबाई म्हणाल्या.

"मीही तेच म्हणणार होतो."

मोठीआईंनी मूठ आणखी घट्ट केली. चोर स्वतःच पोलिसांना बोलवतोय! माणूस किती निर्ढावावा? रखवालदारानं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. दोन्ही बाजूंचं इतकं एकमत मोठीआईंनी लग्नाच्या बैठकीतही पाहिलं नव्हतं.

धाकटीची नजर आईच्या हातावर गेली. तिचा चेहरा उतरला. "आई, मूठ उघड."

"नाही. पुरावा आहे."

"पुरावा कसला?" जवाहिऱ्याचा मऊ आवाज फाटला. "माझा खडा आहे तो!"

"तुझा? तुझं नाव आहे का त्यावर?"

जवाहिऱ्या थबकला. मग त्याला काय उमगलं कोण जाणे, तो सावकाश खुर्चीत बसला. "कडेवर नंबर दिसला का तुम्हाला?"

"दिसला."

"मग हे बघा. तोच नंबर या कागदावर आहे."

"म्हणजे कागदही चोरलास."

आता होणारे जावई पहिल्यांदा बोलले. "आई, हिरे तपासणारी लॅब वेगळी असते. तपासला की ती कडेवर नंबर कोरते आणि तोच कागदावर लिहिते. हिरा बदलला तर पकडता यावा म्हणून. तुमच्या डब्यांवर नाव असतं ना, तसंच."

डब्यांचा दाखला मोठीआईंना पटला. त्यांनी मूठ उघडली. घामानं खडा तळव्याला चिकटला होता. पुन्हा भिंग लावलं. जावई कागदावरून एकेक आकडा वाचत गेले, त्या खड्यावरून वाचत गेल्या.

"शेवटचा?"

"सात," मोठीआई म्हणाल्या.

"इथेही सात."

रखवालदारानं दार हळूच उघडलं. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मोठीआईंनी हेडबाईंकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे असं काकुळतीनं पाहिलं नव्हतं.

हेडबाईंनी आधी जवाहिऱ्याला हात जोडले. मग म्हणाल्या, "विहीणबाई, मी आजवर कुणाचं न तपासता ऐकलेलं नाही. आज तुमचं ऐकलं आणि एका सज्जन माणसाला कोंडून ठेवलं."

"माझंच चुकलं. पोरीचं काही..."

"पडदे घ्यायला जाऊ तेव्हा भिंग घेऊन या," हेडबाई म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. धाकटी वळली, तेव्हा रडता रडता तीही हसत होती.

खडा तोच घेतला, कागदासकट. घरी येईपर्यंत मोठीआई सावरल्याही होत्या. चहा ओतता ओतता त्या सुनेला बजावत होत्या, "मी म्हणतच होते, कागदाशिवाय हिऱ्याला हात लावायचा नाही. आणि ज्याची खूण, त्याचीच वस्तू."

चहाला सोबत आलेल्या हेडबाईंना आता भिंगाचा भारी नाद लागला होता. त्यांनी बिस्किटं बशीत काढून ठेवली, रिकामी स्टीलची ताटली उलटी केली, भिंग डोळ्यात बसवलं आणि कोरलेली अक्षरं मोठ्यानं लावायला घेतली. पहिलंच अक्षर निघालं 'डॉ.'

"विहीणबाई, तुमच्या घरात डॉक्टर कोण?"

सून स्वयंपाकघरात पळाली. मोठीआईंनी चहाचा एक घोट घेतला, तो सावकाश गिळला.

"तिचं सर्टिफिकेट शेजारी आहे," त्या म्हणाल्या. "उद्या जाऊन जुळवून येते."